दाताच्या खुर्चीत बसण्यापूर्वी: नव्या दवाखान्याची पारख कशी करावी

दाताच्या डॉक्टरांकडे जाणाऱ्या रुग्णाची एक वेगळीच अडचण असते. एकदा उपचार सुरू झाला की त्याला बोलता येत नाही. तोंड उघडे, जीभ बाजूला दाबलेली, डोळ्यांवर दिव्याचा झोत, आणि डॉक्टरांच्या हातातले हत्यार कुठून आले हे पाहण्याचीही सोय नाही. म्हणून दवाखाना सुरक्षित आहे का आणि तेथील काम चांगले आहे का, याची चौकशी खुर्चीत आडवे होण्यापूर्वीच करावी लागते. नोकरी, शिक्षण किंवा लग्नामुळे पुण्यात, नवी मुंबईत, नाशकात नव्याने राहायला आलेल्या आणि गावाकडचे ओळखीचे डॉक्टर मागे सोडून आलेल्या माणसांसाठी हा लेख आहे.

पुढे दिलेल्या पायऱ्यांचा क्रम मी माझ्या आईच्या दाढेच्या उपचारांच्या वेळी शिकले. आम्ही शहरात नवे होतो, दवाखाना घराजवळ होता, फरशी लख्ख होती, बाहेर बसलेली मुलगी आपुलकीने बोलत होती, आणि तेवढ्यावर आम्ही समाधान मानले. आईच्या आधीचा रुग्ण उठला तेव्हा आतले दार अर्धवट उघडे होते. मदतनीस बाईंनी एअरोटर, म्हणजे दात कोरण्याचे ते वेगाने फिरणारे यंत्र, स्पिरिटच्या बोळ्याने वरून खाली एकदा पुसले आणि होते तिथेच अडकवले. दोन मिनिटांनी तेच यंत्र आईच्या तोंडात होते. मला ते खटकले, पण काय विचारावे हे ठाऊक नसल्याने मी गप्प राहिले. पुढे आमच्या फॅमिली डॉक्टरांना हे सांगितल्यावर त्यांनी आईच्या कावीळ ब, कावीळ क आणि एचआयव्हीच्या तपासण्या लगेच एकदा आणि काही महिन्यांनी पुन्हा करून घेतल्या. त्या निर्दोष आल्या, परंतु दुसरा अहवाल हाती येईपर्यंतचे ते महिने मी विसरलेले नाही.

पहिली पायरी: काम कोण करणार, हे विचारणे

बीडीएस ही दंतवैद्यकाची मूळ पदवी आहे. तिच्यात चार वर्षांचा अभ्यास आणि एक वर्षाची इंटर्नशिप असते. त्यानंतर तीन वर्षांचे एमडीएस करणारे डॉक्टर एखाद्या शाखेचे तज्ज्ञ होतात: कोणी हिरड्यांचे, कोणी वेडेवाकडे दात सरळ करणारे, कोणी लहान मुलांच्या दातांचे, कोणी रूट कॅनालचे, कोणी जबड्याच्या शस्त्रक्रियेचे. साधे भरण, साफसफाई, सरळ असलेला दात काढणे, सोपे रूट कॅनाल ही कामे अनुभवी बीडीएस डॉक्टर उत्तम करतात, त्यामुळे केवळ पाटीवर एमडीएस नाही म्हणून परत फिरण्याचे कारण नाही. मात्र हाडात आडवी रुतलेली अक्कलदाढ, इम्प्लांट (हाडात स्क्रू बसवून त्यावर लावलेला दात) किंवा पूर्वी एकदा बिघडलेले रूट कॅनाल असेल, तर त्या शाखेच्या तज्ज्ञाबद्दल अवश्य विचारावे.

महाराष्ट्रात दंतवैद्यक करणाऱ्या डॉक्टरांची महाराष्ट्र राज्य दंत परिषदेकडे नोंदणी असावी लागते. ही व्यवस्था १९४८ च्या डेंटिस्ट्स कायद्यापासून चालत आलेली आहे. राष्ट्रीय दंत आयोगाचा नवा कायदा २०२३ साली संमत झाला असला, तरी रुग्णाने विचारायचा प्रश्न बदललेला नाही: नोंदणी क्रमांक काय आहे? तो दवाखान्यात लावलेल्या प्रमाणपत्रावर आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसला पाहिजे, आणि प्रमाणपत्रावरचे नाव समोर बसलेल्या व्यक्तीचेच आहे ना, हेही पाहावे.

आपल्याकडच्या छोट्या दवाखान्यांत एक पद्धत सर्रास असते, ती नवख्या माणसाला ठाऊक नसते. दवाखाना एका डॉक्टरांचा असतो, पण रूट कॅनाल किंवा इम्प्लांटसाठी बाहेरचे तज्ज्ञ ठरलेल्या वारी येतात. यात गैर काहीच नाही. उलट योग्य माणसाकडून काम होते. फक्त त्या तज्ज्ञांचे नाव आणि पदवी आधी विचारून घ्यावी, आणि ते नसतील त्या दिवशी सूज आली तर कोण पाहणार, याचे उत्तरही तेव्हाच मिळवावे.

पदवी नसताना, बाजारात किंवा रस्त्याच्या कडेला बसून «फिक्स दात» लावणाऱ्यांकडे मात्र कोणत्याही परिस्थितीत जाऊ नये. ही मंडळी पडलेल्या दाताच्या जागी तयार दात ठेवून तो जागच्या जागी घट्ट होणाऱ्या अॅक्रिलिकने, कधी तारेने, शेजारच्या चांगल्या दातांना चिकटवून टाकतात. त्याखाली अन्न कुजत राहते, हिरडी सडते आणि आधार दिलेले दातही हलू लागतात. गावाकडून आलेल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडात असे काही बसवलेले असेल, तर दुखत नसले तरी ते योग्य डॉक्टरांना दाखवावे.

दुसरी पायरी: दुखत नसताना एकदा जाऊन येणे

ठणका लागलेला माणूस पारख करू शकत नाही. म्हणून नव्या शहरात स्थिरस्थावर झाल्यावर पहिली भेट केवळ तपासणीसाठी घ्यावी आणि वेळेच्या दहा-पंधरा मिनिटे आधी जाऊन बसावे. कोच, वातानुकूलन आणि भिंतीवरची हसऱ्या चेहऱ्यांची चित्रे यांतून काहीच कळत नाही. हात धुण्याचे बेसिन खुर्चीजवळ आहे का, तिथे साबण आहे का, आणि डॉक्टर ते वापरतात का, हे पाहावे. हातमोजे आपल्यासमोर नवे चढवले पाहिजेत. त्याच हातमोज्यांनी फोन उचलला, ड्रॉवर उघडला किंवा कीबोर्डवर बोटे चालवली, आणि मग तोच हात आपल्या तोंडाकडे आला, तर त्या हातमोज्यांनी फक्त डॉक्टरांचे रक्षण झाले, आपले नाही. लाळ ओढणारी नळी, पेला आणि छातीवरचा कागद प्रत्येक रुग्णाला नवा मिळाला पाहिजे.

तिसरी पायरी: हत्यारे निर्जंतुक कशी होतात, हे समजून घेणे

साऱ्या चौकशीचा गाभा हाच आहे, म्हणून येथे थोडे थांबावे लागेल. दाताच्या उपचारात रक्त आणि लाळ यांचा संबंध जवळजवळ प्रत्येक वेळी येतो, आणि कावीळ ब चा विषाणू शरीराबाहेर वाळलेल्या रक्तातही काही दिवस तग धरू शकतो. हत्यारे धुणे, स्पिरिटने पुसणे किंवा पाण्यात उकळणे पुरेसे नाही. उघड्या भांड्यातले पाणी कितीही वेळ उकळले तरी १०० अंशांच्या वर जात नाही, आणि काही जिवाणूंचे बीजाणू, म्हणजे त्यांची टणक सुप्त रूपे, तेवढ्या उष्णतेला दाद देत नाहीत. ऑटोक्लेव्ह हे यंत्र आपल्या घरच्या कुकरच्या तत्त्वावर चालते: वाफ कोंडली की दाब वाढतो आणि तापमान १२१ किंवा १३४ अंश सेल्सिअसपर्यंत नेता येते. १२१ अंशांना जास्त वेळ आणि १३४ अंशांना थोडी मिनिटे लागतात, पण दोन्ही वेळा हत्यारे आधी घासून स्वच्छ केलेली असली पाहिजेत, कारण सुकलेल्या रक्ताच्या थराखाली वाफ पोचत नाही.

एअरोटर आतून पोकळ असतो. तो थांबताना तोंडातली लाळ आणि रक्त आत खेचले जाऊ शकते, म्हणून वरून पुसल्याने काही साधत नाही. तोही प्रत्येक रुग्णानंतर ऑटोक्लेव्हमध्येच गेला पाहिजे. पोकळ हत्यारांसाठी आतली हवा आधी शोषून घेणारा, बी वर्गाचा ऑटोक्लेव्ह अधिक भरवशाचा असतो. येथे एक सोपा हिशेब उपयोगी पडतो. धुणे, वाफेचे चक्र, वाळणे आणि निवणे धरून ऑटोक्लेव्हच्या एका फेरीला पाऊण तास ते एक तास लागतो. दवाखान्यात दिवसाला पंधरा रुग्ण येत असतील आणि एअरोटर दोनच असतील, तर ते प्रत्येक वेळी निर्जंतुक होणे जवळजवळ अशक्य आहे. «आपल्याकडे हँडपीस (म्हणजे एअरोटरसारखी हातात धरायची यंत्रे) किती आहेत?» हा प्रश्न नम्रपणे विचारावा. ज्यांची व्यवस्था चोख असते ते डॉक्टर या प्रश्नाने रागावत नाहीत. आता आम्ही ज्यांच्याकडे जातो त्या डॉक्टरांनी उठून आम्हाला ऑटोक्लेव्हच दाखवला होता.

निर्जंतुक हत्यारे बंद पाकिटात ठेवलेली असतात. एका बाजूला कागद, दुसऱ्या बाजूला पारदर्शक प्लास्टिक, कडेला रंग बदलणारी एक खूण, आणि पेनने घातलेली तारीख. हे पाकीट आपल्या डोळ्यांदेखत फाडले गेले पाहिजे. ते ओले असेल, फाटलेले असेल किंवा आधीच उघडून ट्रेमध्ये पडलेले असेल, तर दुसरे मागावे. रंग बदललेल्या खुणेचा अर्थ एवढाच की पाकीट उष्णतेतून गेले आहे. आतले जंतू खरोखर मेले का, याची खात्री बीजाणूंच्या चाचणीने होते, आणि ती किती दिवसांनी करता हेही विचारण्यास हरकत नाही.

अनेक दवाखान्यांत निळसर प्रकाशाचे एक काचेचे कपाट असते आणि «सगळे यात निर्जंतुक होते» असे सांगितले जाते. ते खरे नाही. ते अतिनील किरणांचे कपाट आधीच निर्जंतुक केलेली हत्यारे ठेवण्यासाठी असते. प्रकाश जिथे पोचत नाही त्या खाचांत आणि पोकळीत त्याचा काहीही उपयोग होत नाही.

बधिरतेच्या इंजेक्शनकडेही लक्ष असू द्यावे. आपल्याकडे लिग्नोकेनची अनेक मात्रांची मोठी बाटली पुष्कळ दवाखान्यांत वापरतात. सिरिंज आणि सुई नवीन पाकिटातून आपल्यासमोर काढली पाहिजे आणि बाटलीच्या रबरी बुचात नेहमी कोरी सुईच गेली पाहिजे. एका रुग्णाला टोचलेली सिरिंज, मग सुई बदललेली का असेना, पुन्हा त्या बाटलीत गेली, तर बाटलीतून पुढे इंजेक्शन घेणारा प्रत्येकजण धोक्यात येतो. उपचारांत औषध कमी पडून दुसऱ्यांदा भरावे लागते, तेव्हा ही चूक घडते.

वापरलेल्या सुया न टोचल्या जाणाऱ्या पांढऱ्या अर्धपारदर्शक डब्यात आणि रक्ताचा कापूस व काढलेले दात पिवळ्या पिशवीत, अशी विभागणी २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांत आहे. सगळा कचरा एकाच काळ्या पिशवीत दिसला, तर न दिसणाऱ्या गोष्टींबद्दलही शंका घ्यावी.

चौथी पायरी: एक्स-रे

दाताच्या छोट्या एक्स-रेतून मिळणारी किरणांची मात्रा फार कमी असते, आणि केवळ भीतीपोटी एक्स-रेला नकार देणे चुकीचे आहे. दोन दातांच्या मधली कीड किंवा मुळाशी झालेला पू डोळ्यांनी दिसत नाही. मात्र यंत्राची अणुऊर्जा नियामक मंडळाकडे नोंद असावी लागते, ती आहे का हे विचारता येते. तोंडात ठेवायच्या सेन्सरवर प्रत्येक रुग्णासाठी नवे प्लास्टिकचे आवरण हवे. लहान मुलांच्या बाबतीत शिशाचा एप्रन आणि गळ्याचा पट्टा मागून घ्यावा, आणि गरोदर असल्यास ते आधी सांगावे. जुने एक्स-रे सोबत नेले, तर तेच पुन्हा काढावे लागत नाहीत.

पाचवी पायरी: डॉक्टर आपल्याला काय विचारतात आणि कुठे पाहतात

दुखणारा दात दाखवल्यावर लगेच यंत्र सुरू करणाऱ्या डॉक्टरांपेक्षा आधी पाच मिनिटे प्रश्न विचारणारे डॉक्टर केव्हाही बरे. मधुमेह, रक्तदाब, हृदयाच्या झडपेचा आजार, पेनिसिलिनची अॅलर्जी, गर्भारपण यांची विचारपूस झालीच पाहिजे. ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, वॉरफॅरिन यांसारखी रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील, तर ती सांगावी, पण स्वतःच्या मनाने बंद करू नयेत. तो निर्णय हृदयाचे डॉक्टर आणि दाताचे डॉक्टर यांनी मिळून घ्यायचा असतो. हाडे ठिसूळ होऊ नयेत म्हणून आठवड्यातून एकदा घेण्याची गोळी किंवा वर्षातून एकदा घेण्याचे इंजेक्शन आपल्या आयांना औषध वाटतच नाही, त्यामुळे ते सांगायचे राहते. दात काढण्यापूर्वी ते सांगणे फार आवश्यक आहे, कारण त्या औषधांमुळे क्वचित जबड्याचे हाड भरून येत नाही.

त्यानंतर डॉक्टर संपूर्ण तोंड पाहतात की नाही, ही माझ्या मते गुणवत्तेची सर्वांत खरी कसोटी आहे. आपल्याकडे तंबाखू आणि मिश्री घरोघरी पोचलेली आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी असूनही तो खाल्ला जातो. चांगले डॉक्टर आरशाने गाल बाजूला करून आतली त्वचा पाहतात, जीभ बाहेर काढायला लावून तिच्या दोन्ही कडा आणि खालचा भाग तपासतात, तोंड किती उघडते हे बघतात, आणि पांढरा किंवा लाल चट्टा किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेली जखम दिसली तर दाताचे काम बाजूला ठेवून आधी तिच्याबद्दल बोलतात. हिरड्यांसाठी मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक काडी असते; ती दात आणि हिरडी यांच्यामध्ये हलकेच घालून खोली मोजतात. तीन मिलिमीटरपर्यंतची खोली साधारणपणे निरोगी समजतात, त्याहून अधिक असेल तर हिरडीचा आजार असू शकतो. हे आकडे कोणी मोठ्याने वाचून कागदावर लिहून घेत असेल, तर तो दवाखाना काळजीपूर्वक काम करणारा आहे असे समजावे.

सहावी पायरी: उपचारांचा आराखडा आणि खर्च

तपासणीनंतर काय करायचे, दुसरा पर्याय कोणता, काहीच केले नाही तर काय होईल, आणि प्रत्येकाचा खर्च किती, हे लेखी मागावे. एक्स-रे पडद्यावर दाखवून, «ही काळी जागा कीड आहे, ती दाताच्या नसेपर्यंत पोचली आहे» असे समजावून सांगणाऱ्या डॉक्टरांवर विश्वास बसतो. काही दुखत नसताना पहिल्याच भेटीत सात-आठ दात भरायला सांगितले, किंवा आजच पैसे भरले तर सवलत मिळेल असा आग्रह झाला, तर त्या दिवशी नम्रपणे घरी यावे. दुसरे मत घेण्यासाठी दंत महाविद्यालयांची रुग्णालये उत्तम असतात: मुंबईत शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालय, तसेच नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथील शासकीय दंत महाविद्यालये, गोव्यात बांबोळीचे दंत महाविद्यालय. तिथे विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, वेळ जास्त लागतो, खर्च कमी येतो, आणि अनावश्यक उपचार सुचवण्यात कोणाचा फायदा नसतो.

सातवी पायरी: प्रत्यक्ष उपचारांच्या वेळी

पोटात काही खाऊन जावे, कारण उपाशीपोटी इंजेक्शन घेताना भोवळ येऊ शकते. डावा हात वर केला की थांबायचे, एवढे डॉक्टरांशी आधी ठरवून घ्यावे. दवाखान्यात आणीबाणीसाठी ऑक्सिजन आणि अॅड्रेनॅलिनचे इंजेक्शन आहे का, हेही याच वेळी विचारावे.

रूट कॅनालच्या वेळी दाताभोवती रबराचा पातळ पडदा ताणून बसवतात, त्याला रबर डॅम म्हणतात. त्यामुळे लाळेतले जंतू दाताच्या मुळात जात नाहीत, आणि मूळ आतून साफ करणारी फाइल, म्हणजे सुईसारखे बारीक हत्यार, हातून निसटली तरी घशात जात नाही. पुष्कळ ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी तो वगळतात. आपण मागितला तर बहुतेक डॉक्टर लावतात. काम संपल्यावर शेवटचा एक्स-रे पाहावा: मुळात भरलेल्या भरणाची पांढरी रेघ मुळाच्या टोकाजवळ पोचलेली दिसली पाहिजे. रूट कॅनाल केलेली दाढ ठिसूळ होते, त्यामुळे कॅप बसवण्यात महिनोन्‌महिने चालढकल करू नये. कॅप कोणत्या धातूची किंवा सिरॅमिकची आहे हे बिलावर लिहून घ्यावे आणि तिचे वॉरंटी कार्ड असल्यास ते मागावे. इम्प्लांट असेल तर कंपनीचे नाव, माप आणि लॉट क्रमांक असलेला स्टिकर आपल्या कागदांवर चिकटवून घ्यावा. पुढे दहा वर्षांनी स्क्रू सैल झाला, तर दुसऱ्या शहरातल्या डॉक्टरांना नेमका तोच सुटा भाग मागवता येतो.

अक्कलदाढ काढण्यापूर्वी संमतिपत्र वाचूनच सही करावी. खालच्या अक्कलदाढेजवळून ओठाची नस जाते, आणि क्वचित ओठ काही काळ किंवा कायमचा बधिर राहू शकतो. हे आधी सांगितले गेले पाहिजे, तेही आपल्याला समजणाऱ्या भाषेत.

आठवी पायरी: घरी आल्यानंतर

दात काढल्यावर कापूस किती वेळ दाबायचा, चूळ केव्हा भरायची, काय खायचे, हे लेखी मिळाले पाहिजे, आणि रात्री रक्त थांबले नाही तर कोणाला फोन करायचा तो क्रमांकही. लहान मुलाचा ओठ बधिर असताना त्याला खायला देऊ नये. मुले नकळत ओठ चावून मोठी जखम करून घेतात. गळ्याकडे पसरणारी सूज, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास, तोंड न उघडणे यांपैकी काही झाले, तर सकाळची वाट न पाहता मोठे रुग्णालय गाठावे.

काही बिघडले असे वाटल्यास प्रथम त्याच डॉक्टरांशी बोलावे; दुखणे राहणे म्हणजे निष्काळजीपणा झाला असे नेहमीच नसते, आणि प्रामाणिक डॉक्टर पुन्हा पाहून काम दुरुस्त करतात. त्याने समाधान झाले नाही, तर व्यावसायिक गैरवर्तनाची लेखी तक्रार राज्य दंत परिषदेकडे करता येते. पैसे देऊन घेतलेल्या वैद्यकीय सेवेला ग्राहक कायदा लागू होतो, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली स्पष्ट केले. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे नुकसानभरपाई मागता येते.

या प्रत्येक ठिकाणी कागद लागतात, म्हणून बिले, चिठ्ठ्या, संमतिपत्राची प्रत, एक्स-रेच्या प्रती आणि हिरड्यांच्या मापांचा कागद एका फाइलमध्ये तारखेप्रमाणे लावून ठेवावा. आईच्या फाइलच्या पहिल्या पानावर मी तिची चालू औषधे आणि अॅलर्जी लिहिलेली आहे, आणि दर भेटीला निघण्यापूर्वी ते पान आम्ही दोघी मिळून वाचून त्यातल्या बदललेल्या गोळ्या दुरुस्त करतो.